स्वतःलाच चावणारा कुत्रा

बदलापूर स्थानकापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. कुळगाव, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातल्या हजारो घरांचा दिवस या अंतरावर बेतलेला असतो. पहाटे डबे भरायचे, ठरलेली लोकल गाठायची आणि दाराचे कुलूप काढायचे ते दिवेलागण उलटून गेल्यावर. अशा घरांत आता कुत्रीही असतात, आणि त्यांतल्या एखाद्याच्या पुढच्या पायावर, मनगटाच्या थोडे वर, केस झडून लाल झालेला एक ओलसर डाग दिसू लागतो. कुत्रा तिथे चाटतच राहतो. ओरडले की थांबतो, पाठ वळली की पुन्हा सुरू. एखादा स्वतःची शेपटी रक्त येईपर्यंत चावतो, एखादा कुशीची कातडी तोंडात धरून चोखत बसतो. घरच्यांना आधी ही खोडी वाटते, मग वाईट सवय, आणि शेवटी आपण घरी नसतो त्याचा हा सूड आहे अशी समजूत होते. त्या समजुतीतून जे उपाय निघतात ते सगळे तोंड बंद करण्याचे असतात: दटावणे, पायाला कडू काहीतरी लावणे, मुसके बांधणे. या लेखाचे म्हणणे असे की तोंड बंद करून हा आजार बरा होत नाही. जखम हा एका साखळीचा शेवटचा दुवा आहे. कुठे दुखते-खाजते आहे का, भीती कशाची आहे, आणि त्याचा दिवस कसा जातो, या तीन प्रश्नांची उत्तरे याच क्रमाने शोधली तरच ती साखळी सुटते. क्रम चुकला तर महिनोन्महिने चुकीच्या गोष्टीवर उपचार होत राहतात.

आधी जखमेचे समजून घेऊ. कुत्र्याने एकाच जागी तासन्तास चाटले की कातडीचा वरचा थर झिजतो. ओल राहिली की जंतू आत शिरतात, केसांच्या मुळांशी पू धरतो, कातडी जाड आणि कडक होते. खोलवर संसर्ग झालेली जागा खाजते, खाजते म्हणून कुत्रा आणखी चाटतो. म्हणजे चाटण्याचे मूळ कारण नाहीसे झाले तरी जखम स्वतःच चाटण्याचे कारण बनते. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींत हे अधिक आढळते. अमेरिकेतील पशुवैद्य निकोलस डॉडमन यांनी १९८०च्या दशकात एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. अफूसारख्या द्रव्यांचा मेंदूवरील परिणाम रोखणारी औषधे दिली तेव्हा स्वतःला चाटणाऱ्या, चावणाऱ्या काही कुत्र्यांचे चाटणे कमी झाले. यावरून असा अंदाज बांधता येतो की चाटताना शरीरात वेदना आणि ताण शमवणारी द्रव्ये तयार होत असावीत, आणि कुत्रा त्या क्षणिक उताऱ्यासाठी पुन्हा पुन्हा तिकडे वळत असावा. पुढे २०१० साली डॉडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुशी चोखणाऱ्या डॉबरमन कुत्र्यांचा अभ्यास करून या वर्तनाचा संबंध सातव्या गुणसूत्रावरील एका जागेशी जोडला. म्हणजे काही कुत्री या वाटेला लागण्याची शक्यता जन्मतःच जास्त असते. सूडाच्या कल्पनेला इथे जागाच उरत नाही. जो प्राणी स्वतःचा पाय सोलून काढतो तो मालकाला धडा शिकवत नसतो, त्याला स्वतःला थोडा आराम हवा असतो.

आता पहिला प्रश्न, शरीराचा. 'कुत्र्याला टेन्शन आले आहे' हे वाक्य आजकाल फार लवकर उच्चारले जाते, आणि त्यात एक धोका आहे. उल्हास नदीच्या या खोऱ्यात चार महिने हवा पाण्याने जड असते. पंजांच्या बोटांमध्ये ओल साठते, बुरशी धरते, गोचीड आणि पिसवा वाढतात, खरूज होते. शेपटीच्या मुळाशी चावणाऱ्या कुत्र्याला पिसवांच्या चाव्याची ॲलर्जी असू शकते किंवा गुदद्वाराजवळच्या ग्रंथी तुंबलेल्या असू शकतात. मनगट चाटणाऱ्या कुत्र्याच्या त्याच सांध्यात दुखणे असू शकते. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातील डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली वर्तनाच्या तक्रारींसाठी आलेल्या प्राण्यांच्या नोंदी मांडल्या. कमीत कमी धरले तरी जवळपास तिसऱ्या हिश्श्यात कुठले ना कुठले दुखणे गुंतलेले होते, आणि काही नोंदींत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास गेले. मॉन्ट्रियल विद्यापीठात फरशी, भिंती, सोफा सतत चाटणाऱ्या १९ कुत्र्यांची तपासणी झाली तेव्हा त्यांतल्या १४ कुत्र्यांना पोटाचा किंवा आतड्याचा विकार निघाला. मनाचा आजार म्हणून ज्याकडे पाहिले जात होते त्याचे मूळ पोटात होते. म्हणून पहिली पायरी पशुवैद्याकडची: कातडी खरवडून तपासणे, संसर्ग असल्यास पुरेसे दिवस प्रतिजैविक, सांध्यांची तपासणी, गरज वाटल्यास एक्स-रे आणि रक्त. दाहावर माणसांच्या गोळ्या घरी देणे हा मात्र जीवघेणा प्रकार आहे. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. जखमेवर लावलेले कुठलेही मलम कुत्र्याच्या पोटातच जाणार हेही ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण परदेशी पुस्तकांत ती सहसा तळटीपेत असते आणि आपल्याकडे ती पहिल्या पानावर हवी. लस न दिलेला कुत्रा अचानक, दिवसा-दोन दिवसांत, शरीराच्या एखाद्या जागी वेड्यासारखा चावू लागला, त्याच बरोबर त्याचा स्वभाव बदलला, आवाज घोगरा झाला, लाळ गळू लागली किंवा गिळता येईनासे झाले, तर ते रेबीजचे लक्षण असू शकते. अशा कुत्र्याची जखम पाहायला हात पुढे करू नये. त्याला एका खोलीत बंद करून पशुवैद्याला बोलवावे, आणि चावा किंवा लाळेचा ओरखड्याशी संपर्क झाला असेल तर जागा साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुऊन लगेच सरकारी रुग्णालय गाठावे. चिंतेतून होणारी इजा महिन्यांच्या गतीने वाढते. दोन दिवसांत उसळलेली इजा चिंता म्हणून सोडून देता येत नाही.

शरीर तपासून झाले, दुखणे-खाजणे सापडले नाही किंवा बरे होऊनही चाटणे थांबले नाही, की दुसरा प्रश्न येतो. भीती कशाची? हेलसिंकी विद्यापीठाने २०२० साली १३,७०० फिनिश पाळीव कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सर्वांत अधिक आढळलेली अडचण आवाजाची भीती ही होती: ३२ टक्के कुत्री फटाके, गडगडाट किंवा तशा आवाजांना घाबरत. फिनलंड हा शांत देश. आपल्याकडे दहीहंडीपासून गणपती, नवरात्र, दिवाळी आणि मग लग्नसराई असा आवाजांचा हंगाम लांबतच जातो, आणि रुळाला लागून असलेल्या इमारतींत लोकलचे भोंगे तर बारमाही. भीती एका आवाजाला चिकटून राहत नाही, पसरते. फटाक्याला घाबरलेला कुत्रा आधी दिवाळीच्या धुराच्या वासाला घाबरतो, मग संध्याकाळच्या वेळेला, मग गच्चीच्या दाराला.

भीतीच्या या पसरण्याचा एक जुना दाखला बदलापूरकरांना फार जवळचा वाटावा असा आहे. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला नेवा नदीचा मोठा पूर आला आणि रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरले. कुत्री पिंजऱ्याच्या वरच्या टोकाशी नाक पाण्याबाहेर धरून तरंगत होती. त्यांना त्या पाण्यातून काढावे लागले. वाचली, पण त्यांतल्या काहींची शिकवलेली प्रतिसादांची घडी पार विस्कटली. काही काळाने एक कुत्रा सावरल्यासारखा वाटला तेव्हा प्रयोगाच्या खोलीत दाराखालून पाण्याची नुसती धार सोडली गेली, आणि तो पुन्हा बिथरला. उल्हास नदीने २६ जुलै २००५ला आणि नंतर २७ जुलै २०१९ला बदलापूरच्या पश्चिमेकडच्या वस्त्यांत पाणी घातले. २०१९च्या त्या दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांतून काढावे लागले. ज्या घरांत रात्रीत पाणी चढले तिथल्या माणसांना पुढच्या जूनमध्ये पावसाचा जोर वाढला की झोप लागत नाही, हे सगळे मान्य करतात. त्याच घरातला कुत्रा पत्र्यावर पावसाचा आवाज वाढताच पाय चाटायला बसला तर त्यालाही पुराची आठवण असू शकते, हे मान्य करायला मात्र आपण कचरतो. पावलोव्ह यांच्या प्रयोगांनी ही शंका शंभर वर्षांपूर्वीच फेडली आहे.

तिसरा प्रश्न दिवसाचा, आणि आपल्या पट्ट्यात तो सर्वांत अवघड आहे. माणसे निघून गेल्यावर कुत्र्याला येणारी घालमेल आणि निव्वळ कंटाळा या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे उपायही वेगळे. ओळखायचा मार्ग सोपा आहे: घरातला जुना मोबाईल टेबलावर ठेवून निघतानाचे आणि नंतरचे तासभराचे चित्रण करावे. घालमेल होणारा कुत्रा सहसा पहिल्या अर्ध्या तासातच धापा टाकतो, दाराशी खरवडतो, रडतो, खाणे समोर असूनही तोंड लावत नाही. चाटणे तेव्हाच सुरू होते. कंटाळलेला कुत्रा आधी झोप काढतो, खातो, आणि दुपारनंतर काही करायला नाही म्हणून पायाकडे वळतो. इथे हमखास एक आक्षेप येतो. गावाकडे कुत्रे पिढ्यान्पिढ्या अंगणात पडून असत, त्यांना कुणी फिरायला नेत नव्हते, चिंता-बिंता काही ऐकली नव्हती, मग हे शहरी चोचले कशाला? आक्षेपातले निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकतो. कोंडेश्वरच्या किंवा बारवीच्या बाजूच्या पाड्यांतला कुत्रा आजही पाहावा. तो मोकळा असतो. शेतावर जाणाऱ्यामागे जातो, बांधावर हुंगतो, दुसऱ्या कुत्र्यांशी भांडतो-खेळतो, सावली बदलली की जागा बदलतो, आणि ओटीवर दिवसभर कुणी ना कुणी माणूस असतेच. त्याला कुणी फिरवत नाही कारण तो दिवसभर फिरतच असतो. वन-बीएचकेत बारा तास एकट्या राहणाऱ्या लॅब्राडोरपाशी यातले काहीच नाही. त्याच्याकडे आहे ते एक शरीर, आणि तोंड पोचेल असा एक पाय. साखळीला बांधलेल्या कुत्र्याची स्थिती याहून वाईट, आणि आपला कायदाही ते ओळखतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०च्या कलम ११मध्ये अवाजवी आखूड साखळीला फार वेळ बांधून ठेवणे आणि सतत बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे, हे दोन्ही गुन्हे ठरवले आहेत.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. दोन फटके दिले की चाटणे थांबते, हा अनुभव अनेकांना येतो, आणि तो खोटा नाही. थांबते ते मात्र समोर असेपर्यंतच. पोर्तुगालमधील संशोधकांनी पोर्टो परिसरातल्या प्रशिक्षण शाळांतील ९२ कुत्र्यांचा अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध केला. ओरडून, पट्टा झटकून शिकवलेली कुत्री शिकवणीच्या वेळी अधिक ताणात दिसली, त्यांच्या लाळेतले कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक अधिक वाढले, आणि शाळेबाहेरच्या एका चाचणीतही ती अधिक निराशावादी वागली. म्हणजे मार घरभर झिरपतो. जे वर्तन मुळात ताणातून आले आहे त्यावर आणखी ताण घालणे म्हणजे भिंतीतली गळती रंग देऊन झाकणे. मात्र याच्या दुसऱ्या टोकालाही एक चूक होते, तीही सांगतो. कुत्रा चाटायला लागला की घरातली सगळी माणसे त्याच्याभोवती जमतात, नाव घेतात, कुरवाळतात. दिवसभर एकट्या पडलेल्या प्राण्याला माणसे गोळा करण्याची किल्ली मिळाल्यासारखे होते. त्यामुळे चाटताना न ओरडता, न कुरवाळता, शांतपणे त्याला दुसरे काम द्यावे: नाव घेऊन बोलवावे, बसायला सांगावे, हुंगायला काही द्यावे, आणि तो त्यात रमल्यावर कौतुक करावे. फटाक्यांनी थरथरणाऱ्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. त्याला जवळ घेतल्याने भीती वाढते हा समज निराधार आहे. भीती ही भावना आहे, ती कुरवाळण्याच्या लोभाने कुणी आणत नाही. तो जवळ आला तर खुशाल जवळ घ्यावे.

मग करायचे काय? घालमेलीवरचा खरा उपाय संथ आहे. कुत्र्याला मालक जाण्याआधीच कळते की आता जाणार: डबा पिशवीत जातो, किल्ल्या वाजतात, चपला पायात येतात. या खुणांनाच त्याच्या छातीत धडधडू लागते. सुटीच्या दिवशी किल्ल्या उचलायच्या आणि पुन्हा खुर्चीत बसायचे. चपला घालून स्वयंपाकघरात जायचे. खुणांचा अर्थ पुसट होत जातो. मग दाराबाहेर अर्धा मिनिट, एक मिनिट, तीन मिनिटे, कुत्रा शांत राहील इतकेच. तो बिथरला तर आपण फार लवकर पुढे गेलो, दोन पायऱ्या मागे यायचे. निघताना आणि परतताना मोठा समारंभ करू नये. हा सराव चालू असेतो त्याला लांब वेळ एकटे सोडले तर केलेले पाण्यात जाते, आणि नोकरदार घरात हीच अडचण सर्वांत मोठी आहे. कंटाळ्यासाठी मात्र बरेच काही रोजच्या घाईतही जमते. २०१९ साली दुरांतो आणि होरोवित्झ या संशोधकांनी दाखवले की दोन आठवडे नाकाने शोधायचे खेळ खेळलेली कुत्री अनिश्चित गोष्टीकडे अधिक आशेने पाहू लागली. नुसते मालकामागे चालण्याचा सराव केलेल्यांत तो फरक दिसला नाही. त्यामुळे सकाळच्या वीस मिनिटांत कुत्र्याला ओढत किलोमीटर मोजण्यापेक्षा त्याला प्रत्येक खांब, प्रत्येक गवताचा ठोंब मनसोक्त हुंगू द्यावा. खाणे वाटीत ओतण्याऐवजी जुन्या टॉवेलच्या घड्यांत, पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोलीच्या कोपऱ्यांत लपवावे. स्टीलच्या वाटीत थिजवलेला दहीभात चाटायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास जीभ पायावर नसते. कांदा, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट यांपासून मात्र कुत्र्याला दूर ठेवावे.

आवाजाच्या भीतीची तयारी दिवाळीच्या आठवड्यात होत नाही, ती श्रावणात सुरू करावी लागते. फटाक्यांचे ध्वनिमुद्रण अगदी ऐकू येईल न येईल इतक्या आवाजात लावायचे, सोबत त्याच्या आवडीचे खाणे द्यायचे, आणि आठवड्यांच्या गतीने आवाज वाढवायचा. तो कान टवकारून पुन्हा खाण्याकडे वळला तर ठीक. खाणे सोडून उठला तर आवाज फार झाला. प्रत्यक्ष दिवाळीत घराच्या सर्वांत आतल्या खोलीत, खिडक्या बंद करून, पंखा आणि गाणी लावून त्याला लपायची जागा द्यावी, फिरायला उजेडी न्यावे, आणि गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर असावा, कारण भेदरून पळालेली कुत्री याच दिवसांत हरवतात. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत फटाके वाजवू नयेत असा सर्वोच्च न्यायालयाचा २००५चा आदेश आहे. सोसायटीत त्याची आठवण करून देणे हा कुत्रा पाळणाऱ्यांचा हक्क आहे. त्याचा लाभ तान्ह्या मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही होतो.

सर्वांत मोठा विरोध औषधांना होतो. 'माणसांच्या डोक्याच्या गोळ्या कुत्र्याला? तो गुंगीत पडून राहील,' असे चांगली शिकलेली माणसे म्हणतात. इतिहास मात्र उलटा आहे. १९९२ साली जुडिथ रॅपोपोर्ट या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी पंजा चाटून जखमा करणाऱ्या कुत्र्यांवर माणसांच्या मंत्रचळेपणावर वापरली जाणारी औषधे तपासली. क्लोमिप्रामीन आणि फ्लुओक्सेटीनसारख्या औषधांनी चाटणे कमी झाले, आणि ज्या नैराश्यविरोधी औषधाचा मंत्रचळेपणावर उपयोग होत नाही त्याचा इथेही झाला नाही. कुत्र्यांकडे पाहून माणसांचा आजार समजून घेण्यासाठी तो प्रयोग होता. पुढे अमेरिकेत क्लोमिप्रामीनला १९९८मध्ये आणि फ्लुओक्सेटीनला २००७मध्ये एकटे राहण्याच्या घालमेलीसाठी कुत्र्यांचे औषध म्हणून मान्यता मिळाली. गुंगी आणणे हे या औषधांचे काम नाही. पहिल्या काही दिवसांत थोडी सुस्ती किंवा भूक मंदावणे होऊ शकते. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. मध्येच एकदम बंद करायची नाहीत. आणि मात्रा पशुवैद्यानेच ठरवायची, कारण माणसांची मात्रा, इतर औषधे, यकृताचे आजार हे सगळे हिशेबात घ्यावे लागते. या मान्यतेतला एक तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: दोन्ही औषधांना मंजुरी मिळाली ती वर्तन बदलण्याच्या सरावाच्या जोडीने वापरण्यासाठी. सराव वगळून नुसती गोळी देणे म्हणजे औषधाचा अर्धाच वापर. पण ज्याची छाती इतकी धडधडते की त्याला समोरचे खाणेही दिसत नाही, त्या कुत्र्याला सराव शिकवताही येत नाही. त्याला शिकण्याइतके शांत करणे हे औषधाचे काम आहे, आणि ते नाकारण्यात नैसर्गिकपणा नाही, नुसता त्रास आहे.

गळ्यात घालायच्या प्लॅस्टिकच्या कोनाबद्दल थोडे. जखम भरून येईतो तो अनेकदा लागतोच, नाहीतर प्रतिजैविकाचा उपयोग होत नाही. पण तो मुदतीचा असावा. सिडनी विद्यापीठाने चारशेहून अधिक प्राणी पाळणाऱ्यांना विचारले तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी कोनामुळे प्राण्याचे जगणे खालावल्याचे सांगितले: खाता येत नाही, दारांवर आपटतो, खेळत नाही. आधीच भेदरलेल्या कुत्र्याला महिनाभर कोनात एकटे ठेवले तर कोन काढताच जीभ तिथेच जाते, किंवा दुसऱ्या पायाकडे. मऊ कापडी कोन किंवा पायमोजासारखी पट्टी काही कुत्र्यांना सोसते, ती पशुवैद्याला विचारून बघावी. तोंड घट्ट आवळणारे मुसके मात्र एकट्या कुत्र्याला कधीच घालू नये. कुत्रा जिभेने धापा टाकूनच अंग थंड ठेवतो. एप्रिल-मे महिन्यातल्या बंद घरात तोंड बांधलेला कुत्रा उष्माघाताने मरू शकतो.

हे सगळे ऐकून नोकरदार माणूस म्हणतो, एवढा वेळ कुणाकडे आहे? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही प्रामाणिकच द्यायला हवे. दोघेही बारा तास बाहेर असतील आणि दुपारी घरी कुणीच येऊ शकत नसेल, तर पिल्लू आणण्याची ती वेळ नव्हे. दुसरा कुत्रा सोबतीला आणावा हा सल्लाही घाईचा आहे. माणसांविना घालमेल होणाऱ्याला कुत्र्याची सोबत पुरेलच असे नाही, आणि मग एकाच्या जागी दोन घाबरलेली कुत्री सांभाळावी लागतात. पण जो कुत्रा आधीच घरात आहे त्याच्यासाठी वाटा आहेत, आणि कुळगावात त्या महानगरापेक्षा अधिक आहेत. जुन्या चाळींत आणि लहान इमारतींत शेजारपण अजून टिकून आहे. निवृत्त काका-काकू दुपारी अर्धा तास कुत्र्याला खाली फिरवून आणायला तयार होतात, विशेषतः त्यांना स्वतःलाही सोबत हवी असते तेव्हा. शाळेतून दुपारी परतणारी मुले असतात. पगारी फिरवणाऱ्याला महिन्याचे पैसे द्यावे लागले तरी पुन्हा पुन्हा चिघळणाऱ्या जखमेच्या खर्चाशी ते ताडून पाहावेत. घरात पुढे पिल्लू आणायचेच असेल तर ते आठ आठवड्यांचे झाल्याशिवाय आणू नये. २०१७च्या श्वान पैदास व विक्री नियमांत त्याहून लहान पिल्लू विकायला बंदी आहे, आणि फिनलंडमधील २०१२च्या एका अभ्यासात शेपटीमागे गोल गोल फिरणारी कुत्री इतरांपेक्षा लवकर, सरासरी सातव्या आठवड्याच्या सुमारास, आईपासून तोडलेली आढळली. रस्त्याच्या कडेला टोपलीत विकायला ठेवलेले डोळे नुकते उघडलेले पिल्लू पाहून जीव कळवळतो. तरीही ते विकत घेऊ नये, कारण आपण एक घेतले की टोपलीत दुसरे येते.

बरे व्हायला किती दिवस लागतात, असे सगळे विचारतात. जखम काही आठवड्यांत कोरडी पडते. चाटण्याची ओढ कमी व्हायला महिने लागतात, आणि काही कुत्र्यांत ती पुरती जातच नाही. म्हणून यशाचे माप आधीच ठरवलेले बरे. आठवड्याला एकदा, त्याच उजेडात, त्याच अंतरावरून जखमेचा फोटो काढावा आणि त्या आठवड्यात काय काय झाले ते दोन ओळींत लिहावे: पाऊस, पाहुणे, फटाके, उशिरा आलेली लोकल. दोन-तीन महिन्यांच्या अशा नोंदींतून कारण स्वतःच वर येते, आणि पशुवैद्याला त्यांचा उपयोग तपासणीइतकाच होतो. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६पासून आहे आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयही तिथेच आहे. अवघड प्रकरणात तिथवर जावे लागले तरी घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी तो प्रवासच मोठा ताण असतो, तेव्हा आधी जवळच्या डॉक्टरांकडे कातडी आणि सांधे तपासून, नोंदवही आणि मोबाईलवरचे चित्रण सोबत घेऊनच निघावे. जखम उलटली, म्हणजे पावसाळ्यात किंवा दिवाळीनंतर पुन्हा उघडली, तर सगळे फुकट गेले असे धरू नये. नोंदवहीत मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचे पान बघावे, आणि पुढच्या वर्षी सराव महिनाभर आधी सुरू करावा. आणि आयुष्यात कधीही पाय न चाटलेला नऊ-दहा वर्षांचा कुत्रा अचानक चाटू लागला, तर एकटेपणाचा विचार करण्याआधी पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे यावे आणि त्याच्या सांध्यांचा एक्स-रे काढून घ्यावा.